यमुना गोळे यांचं पत्र घेऊन धारवाडला

धारवाडला जायचं ठरवलं होतं दोघींनी. गेले मी एकटी, आणि तेही दहा महिने उशिरा.

शालिनी इतिहासाची शिक्षिका आणि मी ग्रंथपाल. सांगलीतल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सव्वीस वर्षं एकत्र राहिलो, भांडलो आणि एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या नावाचं एक त्रैमासिक अजून येतं. मी पोस्टमनला दारातूनच सांगते, त्या नाहीत आता इथं, आणि तो ते घेऊन जातो.

तिच्या टेबलावर एक निळी फाईल होती. पहिलं महायुद्ध चालू असताना युरोपातल्या बायका हॉलंडमध्ये जमल्या होत्या. ज्यांचे भाऊ आणि नवरे एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते अशा देशांतल्या बायका, एका सभागृहात बसून युद्ध थांबवा म्हणत होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, काहींना तर त्यांच्या सरकारांनी बोटीवरच चढू दिलं नाही. निवृत्तीनंतर शालिनीला या बायकांनी झपाटलं होतं. तिकडच्या एका जुन्या दफ्तरातून तिने तीन पत्रांच्या प्रती मागवल्या. पहिलं पत्र धारवाडच्या एका शाळामास्तरणीचं, यमुना गोळे यांचं. बाकी दोन म्हणजे तिला दिलेली उत्तरं, दोन्ही परत गेलेली. पाकिटावर पत्ता होता: द्वारा सवणूरकर वकील, धारवाड, आणि आताच्या सुभाष रोडमागची गल्ली. वर टपालखात्याचा शेरा, या नावाचं कुणी इथे नाही.

घर सापडलं होतं, माणूस सापडलं नव्हतं. "तिला कळलंच नाही गं, कुणी उत्तर दिलं ते," शालिनी शेवटी इस्पितळातही म्हणत होती. आपण नेऊन देऊ, तिच्या घरचं कुणीतरी असेलच, असं आमचं ठरलं होतं. म्हणून ही सहल. ज्यांना धबधबे आणि रिसॉर्ट हवेत त्यांनी इथूनच परत फिरावं.

मिरजेहून सकाळची गाडी धरा, पाचेक तासांत धारवाड येतं. स्लीपरचं तिकीट दोनशेच्या आसपास. बेळगावनंतर लोंढ्याच्या जंगलात झोपू नका, पैसे तिथेच वसूल होतात. एकट्या बाईच्या प्रवासाचं बाकी काही अवघड नसतं, अवघड असते ती बॅग. स्वच्छतागृहात जायचं तर ती सोपवायची कुणावर? समोरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. मी बॅगेवर दोनदा थोपटलं, त्यांनी मान हलवली. बॅगेत निळी फाईल होती, म्हणून मी धावतच परत आले.

बसस्टँडजवळच्या लॉजवर माणसाने रजिस्टरवरून मान वर केली. "ओब्बरे एन्री?" एकट्याच का? मी एक बोट दाखवलं. त्याने तरी दोन टॉवेल दिले. दुसरा तीन दिवस घडी न मोडता खुर्चीवर राहिला.

जेवायला खानावळ गाठा. ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, आणि वाढणाऱ्या बाई नको म्हटलेलं ऐकत नाहीत. दीडशेच्या आत पोट तुडुंब. शालिनीला वांगं चालत नसे, त्यामुळे आमच्या घरी ते कधी आलंच नाही. मी दोनदा मागून घेतलं, आणि मग चोरी केल्यासारखं वाटून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष रोड. वकिलांच्या घराच्या जागी आता मोबाईलची दुकानं. समोर वह्या-पेनांचं जुनं दुकान दिसलं, त्याचे मालक सत्तरीचे, मूळ मिरजेकडचेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. मी पाकिटाची प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून, प्रत डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"सवणूरकर बरोबर आहे. पण यमुना? त्या घरात यमुना कुणी नव्हती बघा. तीन पिढ्या आम्ही समोर बसलोय की."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. वकिलांची नात विमलअक्का आता उणकलला मुलाकडे असते, म्हणाले, आणि लगेच फोन लावून अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत माझी सगळी कथा तिला सांगून टाकली. आलाच आहात तर जाऊन या, असं मला सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीच्या टपालवाल्याला जे उत्तर मिळालं तेच मलाही मिळालं होतं. वाटलं, पेढे घ्यावेत आणि परत जावं.

पेढे घेतलेच. ते घेऊन हुबळीची एसी बस पकडली. तिला रस्त्यात स्वतःची वेगळी मार्गिका आहे, तिकीट तीसेक रुपये. उणकलला तळ्याजवळ उतरले. नव्या इमारतींपैकी तिसऱ्या मजल्यावर विमलअक्का दार उघडूनच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. "बर्री, कूडरी," म्हणाल्या, मग लक्षात येऊन, "या, बसा की."

मी विचारलं, तुमच्या आजीचं नाव काय? गोपिका, त्या म्हणाल्या, गोपिकाबाई सवणूरकर. आणि माहेरचं?

विमलअक्कांनी आठवून पाहिलं. त्या आजीच्या कुशीत झोपत मोठ्या झाल्या होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं. शरमल्यासारख्या झाल्या. मग उठल्या आणि आतून एक पितळी तांब्या घेऊन आल्या. आजी यातूनच पाणी प्यायची, दुसऱ्या भांड्यातून नाही. कुणाचा तरी जुना तांब्या घरात आला असेल, असं सगळ्यांना वाटायचं, कारण वरचं नाव घरातलं नव्हतं. काठाखाली ठोकून घातलेली अक्षरं झिजली होती. खिडकीशी नेऊन मी ती वाचली: यमुनाबाई गोळे यांस, शाळेतील मुलींकडून.

तेव्हा कुठे मला उमगलं की चूक कुठे झाली. परदेशी पाठवलेल्या पत्राच्या शेवटी यमुनेने लिहिलं होतं, पुढच्या महिन्यापासून माझा मुक्काम या पत्त्यावर. लग्न ठरलेलं होतं, घर तिला माहीत होतं. पण गोपिका हे नवं नाव लग्नाच्या दिवशी नवरा ताटातल्या तांदळात लिहिणार, तोवर ते तिला तरी कसं ठाऊक असणार? तिने नवा पत्ता कळवला आणि जुनं नाव.

विमलअक्कांनी ते ऐकलं आणि तांब्या मांडीवर घट्ट धरला. आजी एक गोष्ट सांगायची, म्हणाल्या. आम्ही पोरं हसायचो, गोष्टीत काही नव्हतंच म्हणून.

"म्हणायची, एकदा टपालवाला एका मास्तरणीचं नाव विचारत आला. दारात मीच होते, हात पिठाचे. मागे ओसरीवर सासूबाई. मी म्हटलं, या नावाचं इथं कुणी नाही बा. पुन्हा दोन महिन्यांनी आला, पुन्हा मीच सांगितलं. आम्ही विचारायचो, कोण गं ती मास्तरीण? तर म्हणायची, होती एक."

मला बसवेना. दहा महिने मी एक समजूत घेऊन फिरत होते, की तिला कळलंच नाही. तिला कळलं होतं. तिने ते पाकीट पाहिलं होतं, स्वतःचं नाव ऐकलं होतं, आणि परत धाडलं होतं, दोनदा. मला शालिनीचा रागच आला, हे ऐकायला ती नव्हती म्हणून.

मग मी पत्रं वाचून दाखवली, जमेल तसं मराठी करत. यमुनेने विचारलं होतं की आमच्या देशात बायकांना मत नाही, पुरुषांनाही नाही, तरी माझ्या वर्गातल्या मुलींचे भाऊ तुमच्या युद्धावर गेलेत, मग तुमच्या सभेत आम्हाला मोजाल का? पहिल्या उत्तरात होतं की तुमचं नाव आमच्यात लिहून घेतलं आहे, तिकडच्या बायका काय म्हणतात ते कळवा. दुसरं चारच ओळींचं होतं: पत्र पोचलं नसावं, तुमची वाट पाहतो.

विमलअक्का म्हणाल्या, वर नाव काय घातलंय ते परत वाचा. मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला सांगितलं. मग त्याच तांब्यातून मला पाणी दिलं, पेढ्यांतले दोन ठेवून घेतले आणि पत्रांवर हात ठेवून म्हणाल्या, "असू देत इथंच."

संध्याकाळी तळ्याकाठी बसून गिरमिट खाल्लं. कांदा आणि चिंचगुळाचं पाणी घालून कालवलेले चुरमुरे, सोबत मिरची भजी, चाळीस रुपये. उणकलला गेलात तर चुकवू नका. आजूबाजूला सगळी कुटुंबं होती. एवढी मोठी गोष्ट हाती लागली होती आणि सांगायला कुणी नव्हतं, म्हणून खरं तर मी हा ब्लॉग लिहायला घेतला.

परतीच्या गाडीत बॅग हलकी होती. आता ती कुणावर सोपवायची काळजी नव्हती, तरी मी जागेवरून उठले नाही.

घरी येऊन आठवडा झाला. पेढ्यांचा डबा अजून अर्धा आहे, एका माणसाला एवढे पेढे संपत नाहीत. काल सकाळी पोस्टमन आला. त्रैमासिक त्याने मला दाखवलंही नाही, नाव बघून स्वतःच पिशवीत परत ठेवायला लागला. हात माझेही पिठाचे होते.

"द्या इकडे," मी म्हटलं. "शालिनी इथलीच."