न पाहिलेला कारखाना

मंडईत पावट्याच्या शेंगा निवडत असताना निखिलचा फोन आला. "काकू, बाबा गेले," एवढेच तो म्हणाला. भोवती कोथिंबिरीचा ओला, हिरवा वास दाटलेला होता. भाजीवाली "ताई, किलो करू का?" असे विचारत होती आणि मी मान हलवली... त्या शेंगा दोन दिवस तशाच पडून राहिल्या. गेली नऊ वर्षे दर गुरुवारी मी शेंगा सोलत आले ती निखिलच्या वडिलांचे, अनंतरावांचे, लेखन ऐकत. नुसत्या कशा सोलायच्या, हे हातांना आठवेना.

शनिवार पेठेतल्या एका खोलीत बसून अनंतरावांनी तीस वर्षे शेअर घेतले आणि विकले. साठीनंतर ते अर्थव्यवहार आणि जगण्याची तत्त्वे यांवर पुस्तके लिहू लागले, आणि भाषा तपासून घ्यायला माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, "आपण कविता लिहिता असं कळलं. हरकत नाही. शुद्धलेखन येत असेलच."

मी म्हटले, "आपण शेअरबाजारात असता असं कळलं. हरकत नाही. माणसांत येणं-जाणं असेलच."

ते हसले नाहीत. पण चपला काढून आत आले.

मग तो शिरस्ताच झाला. माझ्या गॅलरीत बसून ते प्रकरण मोठ्याने वाचत. खर्जातला, किंचित खरखरीत आवाज. कडक इस्त्रीच्या सदऱ्याला नीळ आणि उन्हाचा वास. माझे हात शेंगांवर चालत राहिले तर वाक्य ठीक. थांबले, की ते त्यावर काट मारत. "हात अडले, बाई. म्हणजे मी काहीतरी लपवतोय." न समजणारे वाक्य त्यांच्या लेखी अप्रामाणिक होते. कवितेच्या वर्गात मी आयुष्यभर जे शिकवू पाहिले, ते हा बाजारातला माणूस मला शिकवत होता.

कारखाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कंपनीत पैसा घालू नये, हा त्यांचा पहिला नियम. तो त्यांनी एकदा मोडला. एका कंपनीच्या मालकाने त्यांना कचेरीत बोलावले. टेबलावर अनंतरावांचेच पुस्तक होते, पानोपानी अधोरेखित. मालकाने त्यातली वाक्ये तोंडपाठ म्हणून दाखवली. अनंतराव आपले पुस्तक पाहून परतले. कारखाना पाहायचा राहिला. त्यांनी शेअर घेतले, आणि सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या जोगळेकर सरांनाही घ्यायला लावले. सर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग त्यांनी घातला. वर्षभरात कंपनी बुडाली. कारखाना म्हणून जो होता, ती पत्र्याची रिकामी शेड निघाली.

शेवटच्या पुस्तकात अनंतरावांनी हे सारे लिहिले. वाचतानाही एकही शब्द त्यांनी सौम्य केला नाही. माझे हात थांबले. त्यांनी काट मारायला पेन उचलले... "अडलं?"

"नाही. कळलं."

अनंतरावांच्या मृत्यूनंतर प्रकाशकांनी नेमके हेच प्रकरण तांबड्या रेघांनी खोडले. गुंतवणुकीचे पुस्तक आणि त्यात लेखक फसल्याची कबुली, घेणार कोण? निखिलही त्यांच्या बाजूचा. "काकू, लोकांनी बाबांना असं लक्षात ठेवायचं का? आणि सरांना किती अवघड होईल!"

"मग सरांनाच विचारू," मी म्हटले. पुस्तकावर अखेरचा हात फिरवण्याचे काम अनंतरावांनी माझ्यावर सोपवले होते. मी हटणार नव्हते.

स्वारगेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांत सरांनी छपाईपूर्वीची ती मुद्रिते वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग चष्मा काढला. "दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेत, तेवढे बघा. बाकी काही हलवू नका." निखिल काही बोलणार, तोच म्हणाले, "पैसे गेले ते गेले, निखिल. आता अनंताही खोटा करून ठेवता का? मग माझ्याकडे उरेल काय?"

गेलेल्या माणसाला घासूनपुसून लख्ख करण्याला आपल्याकडे आदर म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्यांना कधीच न चुकलेला मार्गदर्शक हवा असेल, त्यांनी खुशाल दुसरे पुस्तक घ्यावे. बाजारात ती पुष्कळ आहेत.

जिना उतरताना निखिलने हळूच विचारले, "काकू, एकदा खोडलेलं परत कसं घेतात?"

खोडलेल्या शब्दांखाली ठिपके द्यायचे, की छापखान्यात तो मजकूर राखतात. घरी येऊन मी त्याला पहिल्या ओळीखाली देऊन दाखवले. पुढची अकरा पाने त्याने माझ्या टेबलाशी बसून एकट्याने केली... वडिलांनी जिथे जिथे 'मी' लिहिले होते, तिथे पेन्सिल जरा जास्त दाबून.