उधन्यातले बारा माग आणि माझा गळा

चहा घ्या निवांत, पण आधी एक वचन द्या. हे ऐकून झाल्यावर मला कुणी 'एआयवाले भाऊ' म्हणायचं नाही. सुरतेतलं अर्धं उधना मला त्याच नावाने हाक मारतं, आणि तेही कौतुकाने नव्हे!

झालं असं, की कापड बाजारासाठी बनवलेलं माझं एक सॉफ्टवेअर विकलं गेलं आणि मी गुंतवणूकदार झालो. गुंतवणूकदार म्हणजे काय? दुसऱ्याच्या कामात हक्काने नाक खुपसणारा माणूस! दर रविवारी मी मित्रांच्या ग्रुपवर 'या आठवड्याचे शोध' टाकायचो. एक एआयमधला, एक नव्या स्टार्टअपचा आणि एक गाण्याचा. शोध कसले डोंबलाचे, इकडून तिकडून वाचलेलं. पण लोक 'वा प्रकाशभाऊ!' लिहायचे आणि मी फुगायचो.

त्यातला एक शोध मात्र खरा होता. वैशाली. नवागामची पोरगी. बापाने जन्मभर माग चालवले, ही शिकून इंजिनियर झाली. तिने एक ॲप बनवलं आणि मी त्यात पैसे घातले. प्रत्येक मागावर छोटा माइक लावायचा, एआय त्याची खडखड ऐकतं आणि माग बिघडायच्या आधीच फोनवर सांगतं. सगळं ठीक तर हिरवा, नाहीतर लाल.

हसमुखभाईंच्या कारखान्यात पंधरा दिवस बारा माग ऐकवून तिने ते तयार केलं. काय अचूक सांगायचं! आता फक्त हसमुखभाईंनी 'हो' म्हणायचं होतं. ते हो म्हणाले की त्या गल्लीतले बाकीचे शेठ मागोमाग येणार. ते नाही म्हणाले तर वैशाली दुकान बंद करून अहमदाबादला नोकरी धरणार. तिने मला स्पष्टच सांगितलं होतं, "काका, ही शेवटची खेप."

दाखवायचा दिवस उजाडला. मी तासभर आधीच पोचलो. तिथे त्या बारा मागांवर भिकननाना. पारोळ्याकडचे. मागांच्या त्या गदारोळावर मात करून अहिराणी लग्नगीतं म्हणत रांगेतून फिरणारा माणूस. काय आवाज! पार हजिरा बंदरातल्या जहाजापर्यंत पोचावा!

आणि तिथेच माझ्यातला गुंतवणूकदार जागा झाला. मी कुठेतरी वाचलं होतं, की एआयला आवाज स्वच्छ लागतो. शिवाय, खरं सांगतो, मला लाजही वाटली. मीही खानदेशातलाच, ह्याच गाण्यांवर वाढलेला. तरी शेठसमोर ती गाणी नकोशी झाली. म्हटलं, "नाना, आज मोठं काम आहे. शेठ जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं, गमछा तोंडाला बांधला आणि गप्प झाले. वैशालीला मी यातलं काही बोललो नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला विचारायचं?

हसमुखभाई आले. वैशालीने ॲप सुरू केलं. पहिला माग लाल. दुसरा लाल. बघता बघता बाराच्या बारा लालभडक, खाली ओळ: 'तातडीने बंद करा.'

"अरे प्रकाशभाई, आ शुं थयुं?"

वैशालीने फोन पुन्हा पुन्हा तपासला. ती म्हणाली, "असं कधीच..." पण मी तिला बोलू देतोय होय? मी पुढे झालो! "शेठ, हीच तर एआयची कमाल! माणसाला जे ऐकू येत नाही ते ह्याने पकडलं. तुमचे बाराही माग आतून गेलेत!"

"बंद करो! बधां बंद करो!" शेठ ओरडले.

माग थांबले. फिटर आला. त्याने पहिला माग खोलला, काही नाही. दुसरा खोलला, काही नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दोष खोल आहे." त्याने तिसरा खोलला. तो तर नव्यासारखा! शेठच्या मालाची गाडी संध्याकाळी निघायची होती. त्यांचा आवाज चढायला लागला.

तिन्ही माग जोडून बाराही पुन्हा सुरू केले. पुन्हा लाल! वैशाली डोळे मिटून ऐकत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "आज नानांचा आवाज कुठंय?"

नानांनी गमछा खाली केला. "ह्या भाऊनी सांगं व्हतं, तोंड उघाडू नको म्हनीसन!"

वैशालीने कपाळावर हात मारला. नाना पंचवीस वर्षांचे कारागीर. माग जरा वेगळा वाजला की गाणं थांबवून कान टवकारायचे. सगळं सुरळीत असलं की पुन्हा गाणं. पंधरा दिवस एआयने हेच ऐकलं होतं. ते माग शिकलंच नव्हतं. ते नाना शिकलं होतं! नाना गातायत म्हणजे हिरवा, नाना गप्प म्हणजे लाल.

"नाना, गा ना," मी हात जोडले.

"नही भो. ज्यानी बंद कयं त्यानीच म्हनावं!"

आता काय करणार? पोरीचं सगळं पणाला लागलेलं. मी घसा साफ केला आणि गायलो. हो, कारखान्याच्या मधोमध, शेठसमोर, नवरीच्या बहिणीला चिडवायचं गाणं! दिवे लालच. उलट फोन थरथरायला लागला. दुसऱ्या कडव्याला नानांनी कानांवर हात ठेवले. "बस करा भाऊ, माग खरंच बिघडतीन!" आणि त्यांनीच सूर लावला.

पहिला हिरवा. दुसरा हिरवा. बाराही हिरवे! माझा जीव असा भांड्यात पडला, की मी खालीच बसलो.

मी म्हणणार होतो, 'बघा शेठ, झालं दुरुस्त!' पण वैशालीने मला बोलू दिलं नाही. ती सरळ म्हणाली, "हसमुखभाई, माझं चुकलं. हे चुकीचं शिकलंय. महिनाभर द्या, नानांना सोबत घेऊन नव्याने शिकवते."

शेठ हसले. "साची बात करे छे छोकरी. महिनो लई ले. पण आ प्रकाशभाईने अंदर नहीं लावती!" म्हणजे मला आत आणायचं नाही!

महिन्याने ॲपने खराखुरा दोष पकडला, आणि शेठनी हो म्हटलं. वैशाली अहमदाबादला गेली नाही. मी त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपलो म्हणून सांगू!

आता तिने एआयला माणसाचं गाणं आणि मागाचा बिघाड वेगवेगळं ओळखायला शिकवलंय. नानांचा आवाज ऐकला की ते लगेच सांगतं, 'गाणं'. माझा त्या दिवशीचा आवाजही तिने दहादा ऐकवला. दरवेळी एकच उत्तर: 'बेअरिंग कोरडी, तेल घाला.'

म्हटलं, "वैशाली, एवढी चूक तरी दुरुस्त कर ना!"

"काका," ती म्हणाली, "खूप तपासलं. चूक सापडत नाही."