कंपनीत प्रोसेस आली तेव्हा

मुरबाडच्या आमच्या प्लास्टिकच्या कंपनीत चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि किस्से मात्र वर्षानुवर्षांचे! एकाचा संपेपर्यंत दुसऱ्याला नवा आठवतो. त्यातले निम्मे एकाच पावसाळ्यातले. तेव्हा कंपनीत 'प्रोसेस' आली होती. आता हसतो आम्ही. तेव्हा डब्यातला घास उतरत नव्हता.

*

कामाची पद्धत सुधारायला पुण्याहून अनघा मॅडम आल्या. कॅन्टीनच्या भिंतीवर त्यांनी भलामोठा कागद चिकटवला आणि आमच्या हातात पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या. "प्रत्येकाने आपलं काम स्टेप-स्टेपने लिहा. काम कसं चालतं ते आधी बघू, मग सुधारू."

ज्याच्या चिठ्ठ्या कमी तो घरी जाणार, ही बातमी तासाभरात पसरली. टोकावड्याचा बाळाराम आमचा मशीन ऑपरेटर. त्याने सतरा चिठ्ठ्या भरल्या! एकीवर लिहिलं होतं, 'मशीनला नमस्कार करणे.'

"ही कुठे लावू?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यात आधी. ती नाय केली तर पुढच्या सोळा होतच नाय!"

*

मग स्टॉपवॉच आलं. पॅकिंगच्या मालतीताई वीस वर्षं त्याच टेबलावर. पण मॅडम मागे उभ्या राहिल्या की त्यांची खोकी उलटी लागायची. बाथरूमला गेलं तर तोही वेळ मोजतील म्हणून त्यांनी पाणी पिणंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन खोक्यांवर पडल्या.

मॅडम धावत आल्या, स्वतःची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. ताईंनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? "घड्याळ चालूच हाय का?"

*

पुढे ठरलं, तक्रार तोंडी नाही, कॉम्प्युटरवरच करायची. त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये साप निघाला. स्टोअर सांभाळणारा किन्हवलीचा विलास टेबलावर चढला आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन तक्रार टाकली. ऑफिसमधून उत्तर आलं, "फोटो जोडा."

विलासने टाइप केलं, "तो हलत नाय, मी पण हलत नाय. फोटो कोण काढणार?"

शेवटी वॉचमनने साप काठीने बाहेर हाकलला. ती तक्रार अजून 'प्रलंबित' आहे!

*

माझं काम तयार माल तपासायचं. एका सकाळी बघते तर भिंतीवर माझ्या चिठ्ठीशेजारी लाल ठिपका. लाल म्हणजे या कामाने मालाची किंमत वाढत नाही. म्हणजे ते काम काढून टाकायचं.

मॅडम म्हणाल्या, "सुरेखाताई, ठिपका कामाला आहे, माणसाला नाही."

मालतीताई मागून हळूच म्हणाल्या, "पण काढायचं झालं तर काढणार माणसालाच ना गो?"

तीन आठवड्यांनी मला कच्चा माल तपासायला बसवलं. तोवर घरी मी त्या ठिपक्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

*

आणि हा त्यानंतरचा. नवीन बोर्ड लागला होता: 'लाइन थांबवण्याचा अधिकार फक्त सुपरवायझरला. इतरांवर कारवाई होईल.' आमचे सुपरवायझर मीटिंगला गेलेले. बाळारामचा हातमोजा माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या रोलरमध्ये अडकला. तो ओरडला. बोटं आत ओढली जायला लागली. थांबवायचं लाल बटण लाइनच्या दुसऱ्या टोकाला, चांगलं वीस पावलांवर. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. मालतीताई पळाल्या आणि बटणावर थापच मारली.

पट्टा थांबला. हात बाहेर आला; दोन नखं गेली, बोटं वाचली. बाळाराम घामाने निथळत होता, आणि मालतीताई त्याच्याहून जास्त.

मॅडम फॉर्म घेऊन आल्या. "लाइन कोणी थांबवली?"

मालतीताईंनी डोळे मिटून घेतले.

"मी थांबवली," बाळाराम म्हणाला.

"तुमचा हात तर आत अडकला होता!"

"दुसऱ्या हातानं."

मॅडमनी रोलरकडे पाहिलं. मग वीस पावलांवरच्या बटणाकडे पाहिलं. मग मालतीताईंकडे.

पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर लिहिलं: 'ऑपरेटरने, दुसऱ्या हाताने.'