आधी बोट, मग चहा

माझ्या व्याह्याएवढा चिवट माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या घरी मी चहाला जाणार नाही. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली. तिच्या पोरीला, सोनलला, सहाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, रोज बोट टोचून साखर बघा, जेवणाआधी इंजेक्शन द्या, आणि हे जन्मभर. पोर सुई बघितली की घर डोक्यावर घ्यायची. मग व्याह्यानं कायदा काढला, पोर एकटी टोचून घेणार नाही. आधी आजा, मग बाप, मग आई, आणि पाहुणा आला तर पाहुणासुद्धा. प्रत्येकाला नवी सुई, त्यात कंजुषी नाही. "पावणं, आधी बोट, मंग च्या!" म्हसाच्या जत्रेहून आलेला बैलांचा दलाल त्यानं असाच ओट्यावर टोचला. त्यालाच साखर निघाली. तो आजही ह्याला शिव्या देत औषध घेतो. माझी म्हातारी हसत बोट पुढं करायची, मी परसात पळायचो. "गो सोनल, ह्यांना बघ! बैल अंगावर घेतील, पण सुईला भितात," असं ती ओरडायची आणि पोर रडता रडता हसायची. म्हातारीला जाऊन आता वर्ष झालं.

पोर शाळेत जायला लागली, तर व्याही सुयांचा डबा घेऊन चार वर्षं शाळेच्या व्हरांड्यात बसला. गुरुजी म्हणाले, "आजोबा, तुमचंही नाव पटावर घालू का?" हा म्हणाला, "घाला, पण परीक्षा नाय देनार."

यंदा पाचवीला तिला एसटीनं मुरबाडला जायचं होतं. म्हणाली, "आजा, तू नाय यायचं. माझं मी करीन." हा दोन दिवस धड जेवला नाही. तिनं महिनाभर घरात स्वतः टोचून, स्वतः इंजेक्शन घेऊन दाखवलं, तेव्हा कुठं गप्प झाला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीची वेळ टळली तरी हा ओट्यावरून हलेना. "इसरली तर, पावणं? चक्कर आली तर?"

संध्याकाळी पोर एसटीतून उतरली. "एकशे वीस होती. बाई नुसत्या बघत होत्या, केलं मीच," म्हणाली आणि दप्तर टाकून खेळायला पळाली.

व्याह्यानं तिचं दप्तर उचलून ओट्यावर ठेवलं. म्हणाला, "आता माझी गरज नाय तिला."

मी म्हणालो, "बरं झालं. आपल्या मागं जगायचं हाय तिला."

म्हातारी असती तर हेच मायेनं बोलली असती. मला एवढंच येतं.