दोन मिलिमीटर

"लेकरू गडी हाय का न्हाई, तेवढं सांगा डाक्टरीनबाई."

बाळंतिणीच्या सासूबाईंनी हे वीस खाटांच्या वॉर्डात विचारलं. बाळाची आई कावेरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्या हातात प्लास्टिकची पट्टी होती, आणि मी नुकतीच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून बसले होते, "लिंगाची लांबी कमी भरतेय. दोन मिलिमीटरनं."

"मुलगाच आहे," मी म्हणाले. "फक्त एक तपासणी करायची." त्यातलं 'फक्त' कुणाच्याच कानात गेलं नाही.

हे मोजमाप म्हणजे चावटपणा नव्हे. लांबी फारच कमी असेल तर कधीकधी मेंदूतली एक ग्रंथी नीट काम करत नसते. अशा बाळाची रक्तातली साखर उतरते आणि ते दगावू शकतं. म्हणून एक मर्यादा ठरलेली असते. माझ्याकडची मर्यादा पुस्तकातली होती आणि पुस्तक परदेशातलं. तिथल्या बाळांवरून काढलेला आकडा मी आष्टीकडच्या ऊसतोड कामगाराच्या बाळाला लावला.

बाळाची साखर ठीक होती. हार्मोनसाठी रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते.

"दहा दिवस थांबा," मी म्हणाले.

"मुकादम गाडी घिऊन हुबा हाय," सासूबाई म्हणाल्या. "हितला कारखाना पाण्यावाचून बंद. लांबच्या सोसायटीच्या कारखान्यावर जायाचंय. थांबून काय खावं?"

तिसऱ्या दिवशी ते गेले. डिस्चार्ज कार्डावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: लिंग लहान, संशय. अक्षराचा मला फार अभिमान होता तेव्हा.

रिपोर्ट नॉर्मल आला. निरोप पाठवला तर गावात अर्ध्या घरांना कुलूप, त्यांच्याही. मी चिडले, पुस्तकावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. आपल्या बाळांची मर्यादा आपणच काढायची ठरवून मी विभागप्रमुखांकडे गेले.

"दुष्काळातली मुलं मोजून नॉर्मल ठरवणार तुम्ही?" सरांनी विचारलं.

"सर, आपल्याकडे दुसरी कुठली जन्मतात?"

"पूर्ण दिवसांचीच घ्या. प्रत्येकाचं वजन लिहा," सर एवढंच म्हणाले.

शैला सिस्टर बाळाला धरायच्या, मी मोजायची. पट्टी जांघेच्या वरच्या हाडाला टेकेपर्यंत हलकेच दाबायची, नाहीतर चरबीत लांबी लपते. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. हॉस्पिटलला टँकरचं पाणी येत होतं, हात धुवायला एक मग मिळायचा, तरी वर्षभर मोजत राहिलो. शेवटी सरासरीच्या किती खाली गेलं की काळजी करायची ती रेघ मिळाली. पुस्तकातल्या रेघेपेक्षा ती बरीच खाली होती. कावेरीचं बाळ आमच्या रेघेच्या वर, अगदी आरामात बसत होतं.

दोन वर्षांनी मे महिन्यात त्यांच्याच भागात लसीकरणाला गेले. तोडकरी परतले होते. अंगणात सगळी पोरं उघडीनागडी खेळत होती. एकच पोरगा जाड चड्डीत, घामानं निथळत होता.

"ह्याला कावून चड्डी?" शैला सिस्टरांनी विचारलं.

"म्हातारी काढू देत न्हाई," त्याची आई म्हणाली. ती कावेरी होती. "मुकादमानं तुमचं कारड गाडीत समद्यांफुडं वाचलं. तवापून लोक बघाया येत्यात."

रिपोर्ट चांगला आला होता, पोरगा पहिल्यापासून ठीकच होता, हे मी तिला सांगितलं.

"लिहून देता का? मागं लिहून दिलतं तसं."

मी लिहून दिलं. सही केली, शिक्काही मारला. तिनं पदरातून जुनं कार्ड काढलं, घडीवर फाटलेलं, आणि नवा कागद त्यातच ठेवला.

"दावीन," ती म्हणाली. "पर ह्यो कागद ऐकाया गाडीभर लोक कुठून आणू?"



आमचा तक्ता आता विभागाच्या भिंतीवर आहे. नवे डॉक्टर आले की पट्टी कशी धरायची ते मी शिकवते. पण त्याआधी त्यांना वॉर्डात उभं करते आणि हळू बोलायला शिकवते.