पानमळ्याचा विटाळ

अंजनगावात शेषरावाचा राग कुणी पाहिलेला नव्हता. बैलानं पायावर पाय दिला तरी तो बैलाच्याच पाठीवरून हात फिरवायचा. विहिरीवरच्या बाया पार्बताबाईची थट्टा करायच्या, "तुहा नवरा भांडाले उसना माणूस आणते म्हनते, खरं काय वं?" पार्बताबाई हसायची आणि मनातून सुखावायची. तिचा बाप अकोटला होता आणि असा जमदग्नी, की त्याचं खाकरणं ऐकलं तरी पोरी चुलीमागं जाऊन बसायच्या. तिथून ही पोर या घरात आली आणि पहिल्या दिवाळीपर्यंत तिला रोज वाटत राहिलं, की हा माणूस आज तरी ओरडेल. तो ओरडला नाही. मग तिनं वाट पाहणं सोडून दिलं.

घर पानमळ्यावर चालायचं. पांगाऱ्यावर चढवलेल्या नागवेली, भोवती उंच दाट कूप, म्हणजे काट्याकुड्यांचं कुंपण, आत भर वैशाखातही गारवा. मळेवाल्या लोकांत मळा म्हणजे देऊळच. चपला कुपाबाहेर काढायच्या. आंघोळ केल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. दिवसातून कुणी परसाकडे जाऊन आला, तर त्यानं पुन्हा विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओल्या धोतरानंच आत शिरायचं. महिन्याच्या चार दिवसांत बाईनं तर कुपाच्या सावलीलाही जायचं नाही. नाहीतर वेल रुसते, मुळं कुजतात, घरावर काहीतरी येतं. सासूनं, मैनाबाईनं, हे सगळं नव्या सुनेला मिठाचा डबा दाखवायच्या आधी सांगितलं होतं. पार्बताबाईनं ते इमानानं पाळलं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटाला शेषराव बिघडला. भाकर एका काठाला जराशी करपली होती, तेवढ्यावरून त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं. पार्बताबाई जागच्या जागी थिजली. इतक्या वर्षांनी तिच्या पायांना पुन्हा चुलीमागची वाट आठवली. त्याहून वाईट म्हणजे, थोड्या वेळानं तोच माणूस अंगणात बसून हुंदके देऊन रडत होता आणि काहून रडून राहिले म्हणून विचारलं, तर त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर घराला घरपण राहिलं नाही. धाकटा भाऊ सहदेव कशालाही हसला, तर "माह्यावर हासून राहिला थो" म्हणून हा त्याच्या अंगावर जायचा. दार वाजलं की दचकायचा. जेवण दोन घासांवर आलं, गालफडं बसली, डोळे खोल गेले. "मले काई नाई झालं," एवढंच सांगायचा, तेही तोंड फिरवून. एक गोष्ट मात्र पार्बताबाईला त्यातल्या त्यात बरी वाटली होती. तो आपलं धोतर स्वतः धुऊ लागला होता, नाल्यावर नेऊन, कुणाला हात लावू न देता. तिला वाटलं, चला, देवाधर्माकडे मन लागलं, सोवळं वाढलं. भोळी बाई ती, दुसरं काय वाटणार होतं तिला?

त्याच हिवाळ्यात मळ्याच्या एका बाजूच्या वेली पिवळ्या पडल्या. मुळं कुजली. आता मात्र गावाला सगळं एकदम समजलं, जसं गावाला नेहमी समजतं. मळ्याला विटाळ झाला, म्हणून वेली गेल्या आणि म्हणून शेषरावाचं डोकं फिरलं. विटाळ झाला म्हणजे केला कुणी? घरात तरणी बाई एकच.

मळेवाल्यांतले जाणते म्हातारे ओट्यावर जमले. नत्थुजी त्यांच्यात मोठे. पार्बताबाई दाराआड उभी होती. ती शांत होती, कारण आपण कुपाच्या आत पाऊल टाकलेलं नाही हे तिला माहीत होतं आणि ते शेषरावालाही माहीत होतं. मळ्यात दिवसभर तोच असायचा. नत्थुजींनी त्यालाच विचारलं, "शेषराव, तुही घरवाली नको त्या दिवशी आत आली होती काय?"

शेषराव खाली मान घालून बसला होता. कपाळावर थंडीतही घाम होता. त्यानं पोटाशी हात आवळला आणि म्हणाला, "आली असंन."

पार्बताबाईच्या कानात घुंई असा आवाज झाला. आपण ऐकलं ते त्यानंच म्हटलं का, हे पाहायला तिनं दार पुरतं उघडलं. त्यानं वर पाहिलं नाही. ताट भिंतीवर बसलं तेव्हा ती घाबरली होती, पण हे वेगळं होतं. ज्या एका माणसाचा तिला भरवसा होता, त्यानं दोन शब्दांत तिला घराबाहेर काढलं होतं. ठरलं असं, की संक्रांत झाली की अकोटहून बाप येऊन लेकीला घेऊन जाईल. पुढचं पुढं बघू, असं मैनाबाई म्हणाली, आणि ते पुढचं म्हणजे दुसरी सून हे शेजारच्या म्हशीलासुद्धा समजलं असतं. पार्बताबाईला आता त्याच बापाच्या चपलांचा आवाज उरलेल्या जन्मभर ऐकायचा होता.

संक्रांत यायच्या आधीची गोष्ट. पार्बताबाई त्या दिवसांत होती, म्हणून मळ्याला लागून असलेल्या गोठ्यात, कुपाची सावली पडत नाही अशा कोपऱ्यात वेगळी बसली होती. सकाळचं ऊन गोठ्यात आलेलं. एवढ्यात कुपाच्या आतून सपसप आवाज येऊ लागला. पानं खुडायचा आवाज असा नसतो. तिनं तिथूनच कुपाच्या फटीतून पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. शेषराव विळ्यानं वेली तोडत होता. चांगल्या, हिरव्या, स्वतःच्या हातानं चढवलेल्या वेली. "घ्या," म्हणत होता, "घ्या, खतम करून टाकतो सारं." मग तो एकाएकी पोट धरून वाकला आणि विळ्यासकट खाली पडला. त्याचं धोतर मागून रक्तानं भिजलं होतं.

तिच्या किंकाळीनं सहदेव धावत आला, नत्थुजी आले, आणखी दोघंतिघं आले. कुपाच्या तोंडाशी आले आणि थबकले. तिथून सगळेच्या सगळे विहिरीकडे वळले. आंघोळ करायला. आत माणूस रक्तात पडला होता, उघडा विळा त्याच्या अंगाखाली होता, आणि ही शहाणी माणसं घाईघाईनं पोहरा सोडून डोक्यावर पाणी ओतत होती. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. पाय आपोआपच तिकडे वळले होते. पार्बताबाई हे बघून इतकी हादरली, की क्षणभर तिला शेषरावाचाही विसर पडला. मग ती उठली आणि तशीच, पायातल्या चपलांसकट, त्या दिवसांतली ती, सरळ मळ्यात शिरली.

तिनं विळा ओढून दूर फेकला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो शुद्धीवर होता.

"तू काहून आली आत?" तो पुटपुटला.

"तुमीच त सांगतलं न, आली असंन म्हनून," ती म्हणाली. "आता आली."

त्यावर तो रडू लागला आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. पावसाळ्यापासून त्याला आव पडत होती, मग रक्त. दिवसातून किती वेळा नाल्याकडे जावं लागे याचा हिशेब नव्हता. दर वेळी विहिरीवर आंघोळ केली असती तर लोकांनी विचारलं असतं, आणि असल्या पोटाच्या माणसाला मळ्यात कुणी शिरू दिलं नसतं. "मळा सुटला त मी कोन वं?" म्हणून तो तसाच आत येत राहिला. देवळात चोर शिरावा तसा रोज शिरत राहिला. भीतीनं पोट जास्त ढवळायचं, पोट ढवळलं की भीती जास्त वाटायची. वेली पिवळ्या पडल्या तेव्हा त्याची खात्रीच झाली. "विटाळ माहाच होता, पार्बते. तुह्यावर ढकलला मी."

पार्बताबाईनं त्याचं डोकं मांडीवरून काढलं नाही. पण तिनं त्याचा खांदा घट्ट आवळला होता आणि तो दयेनं आवळला होता की संतापानं, हे तिला सांगता आलं नसतं.

सहदेवनं मोटार गाठून दोघांना अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा आणि खेड्यातली माणसं दवाखान्याची पायरी अगदी शेवटीच चढायची. तिथल्या डॉक्टर कमलाकांतांनी पोट दाबून पाहिलं, सुया दिल्या, ताकभाताशिवाय काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं. संक्रांत तिथंच गेली, बापाचं येणं राहिलं, आणि महिनाभरात रक्त थांबलं. आणि एका सकाळी शेषराव शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी पाजताना तिला दिसला, त्याच जुन्या हलक्या हातानं. तो परत आला होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती घाबरलीच. मग इतके महिने घरात होता तो कोण?

तिनं डॉक्टरांना गाठलं, ताटापासून ओट्यापर्यंत सगळं सांगितलं. "दागतरसायेब, पोटाच्या दुखन्यानं डोस्कं फिरते काय?"

"फिरतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. आतडं असं महिनोन्महिने पेटलेलं असलं, की मन ताळ्यावर राहत नाही. राग येतो, भीती वाटते, झोप जाते, कारण नसताना रडू येतं. आणि मनावर धास्तीचं ओझं असलं, की आतडं आणखी बिघडतं. हे असं का होतं, ते आम्हालाही पुरतं उलगडलेलं नाही. पण मी हे पुष्कळदा पाहिलंय."

"मंग थे माह्यावर खोटं बोलले, थे बी आतड्यानंच बोलावलं?"

डॉक्टर म्हणाले, "ताट फेकलं ते आजारानं. रडले ते आजारानं. याचं मात्र मला नाही सांगता येणार, बाई."

गावी परतल्यावर शेषराव आपण होऊन ओट्यावर उभा राहिला. नत्थुजी होते, बाकीचे होते, मैनाबाई होती. त्यानं सगळं सांगितलं. विटाळ माझा, घरवालीचा नाही. पार्बताबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. आता निदान आपल्यावरचा डाग तरी जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

नत्थुजींनी मान हलवली. "मानसाचं दुखनं हाय बाप्पा, त्याले कोन काय म्हनन? देवाले समजते. तू जा मळ्यात." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "पन सूनबाई त दिवसाढवळ्या, चपला घालून आत गेली न. आमी समद्यायनं पाह्यलं. तिची शुद्धी झाल्याबिगर मळा मोकळा होत नाई."

पार्बताबाई सुन्न झाली. तिनं शेषरावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती, हात पुन्हा पोटाशी गेला होता, कपाळावर तोच घाम होता. आता हा पुन्हा तेच म्हणणार, असं तिला वाटलं आणि तिनं डोळे मिटले.

"थे आत आली म्हनून मी जित्ता हाव," शेषराव म्हणाला. "तुमी समदे विहिरीवर होते. तिची शुद्धी करत असान, त माहा पाय मळ्यात पडनार नाई."

म्हाताऱ्यांनी शुद्धीचा हट्ट सोडला नाही, आणि त्याचा पाय पुन्हा मळ्यात पडला नाही. मळा सहदेवनं सांभाळला. शेषरावानं नाल्याकडच्या उघड्या वावरात वांगी आणि मिरच्या लावल्या, तिथं कूप नव्हतं, आणि दोघं तिथं चपला घालून राबली. दुखणं समूळ गेलं नाही. घरात काही धास्तीचं झालं की पोट बिघडायचं, पोट बिघडलं की आवाज चढायचा. तो चढला की पार्बताबाई उलट उत्तर द्यायची नाही. आधी विचारायची, "पोट कसं हाय?" तो ओशाळायचा, ताक मागायचा, आणि भांडण तिथंच मिटायचं.

उतारवयात सुनेनं तिला एकदा विचारलं, मामाजींनी एवढं खरं बोलून दाखवलं, मग तुमच्या मनातलं गेलं असेल न सारं? पार्बताबाई मिरच्यांची देठं खुडत होती. "ताट फेकलं थे गेलं," ती म्हणाली. "बाकीचं दागतरले बी नाई समजलं, मले कुठून समजनार." आणि तिनं सुनेपुढं आणखी मिरच्या ओतल्या.