तीन घरफोड्या आणि एक शिंपी

नोकरीच्या काळात मी खून पाहिले, दरोडे पाहिले, चार-चार दिवस घरी न जाता तपास केले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण जुन्या जालन्यातल्या एका शिंप्याची केलेली चौकशी काल केल्यासारखी लख्ख आठवते. त्या प्रकरणात मी काही मोठी कामगिरी केली नव्हती. उलट चुकलो होतो, आणि माझ्यापेक्षा वयाने आणि हुद्द्याने कितीतरी लहान असलेल्या एका महिला शिपायाने मला वेळेवर सावरलं होतं. नावं कोणाचीच घेत नाही. यातली बहुतेक माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात आणि भेटलो की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

लग्नसराई होती. त्या दिवसांत भरदुपारी अर्ध्या गल्लीला कुलूप दिसतं. कोणी बदनापूरला लग्नाला गेलेलं, कोणी भोकरदनकडे साखरपुड्याला. अशातच चार आठवड्यांत माझ्या हद्दीत दिवसा घरफोडीचे तीन गुन्हे दाखल झाले. पहिल्या घराचा कोयंडा कटावणीने उचकटलेला होता. दुसऱ्या घरात शुक्रवारी दुपारी कोणीतरी शिरून लॅपटॉप आणि कॅमेरा नेला. तिसऱ्या घरातून सुनेचा दागिन्यांचा डबा गेला. तिन्ही घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. श्वानपथक आलं, ठसेतज्ज्ञ आले, पंचनामे झाले. रोज सकाळी वरिष्ठांचा फोन यायचा आणि रोज सकाळी माझ्याकडे सांगायला काही नसायचं.

अशा वेळी एके दिवशी गल्लीतले एक कापड दुकानदार माझ्या केबिनमध्ये आले. सज्जन माणूस. गणपतीत शांतता समितीच्या बैठकीला न चुकता हजर. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"साहेब, मी कोणाचं वाईट चिंतणारा माणूस न्हाई," ते म्हणाले. "पण चार दिवसांपासून डोक्यात एकच विचार फिरून राह्यलाय. तिन्ही घरी लग्न होतं. तिन्ही घरचं कापड माझ्या दुकानातून गेल्तं. अन् तिन्ही घरचे कपडे शिवायला एकाच ठिकाणी गेल्ते."

"कुठे?"

"आपल्या मास्टरकडं. घरातली सगळी माणसं कोणत्या तारखेला बाहेर जाणार, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, साहेब. कपडे कधी पाहिजेत ते सांगावंच लागतं ना."

खरं सांगतो, ते ऐकून माझ्या अंगात वीज गेल्यासारखं झालं. इतके दिवस तीन सुटे गुन्हे होते. आता त्यांना जोडणारा धागा मिळाला होता. आणि एकदा धागा मिळाला की पुढचं सगळं आपोआप त्यातच ओवलं जायला लागलं.

मास्टर म्हणजे साठीच्या आसपासचे एक शिंपी. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दोन मशीन, एक कारागीर. घरी उर्दू बोलायचे, गिऱ्हाइकांशी मराठी. मी त्यांच्या मोबाईलचे कॉल डिटेल्स मागवले. तिन्ही घरी चोरीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन गेलेला होता. गल्लीत चौकशी केली. दुसरी चोरी झाली त्या दुपारी त्यांचं दुकान बंद होतं. शिवाय महिन्याभरापूर्वी त्यांनी नवं मशीन घेतलं होतं. माझ्या वहीत मी या तिन्ही गोष्टींखाली लाल रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मास्टरना ठाण्यात बोलावलं. खरं तर साध्या वेशातला माणूस पाठवायला हवा होता. मी जीप पाठवली. ती दुकानासमोर पाच मिनिटं उभी होती. गल्लीत बोभाटा व्हायला तेवढी पाच मिनिटं पुरेशी झाली.

मास्टर खुर्चीच्या कडेवर बसले. जबाब लिहून घ्यायला मी एका महिला शिपायाला बसवलं. ती बदनापूरहून रोज रेल्वेने ये-जा करायची. विज्ञानाची पदवी घेऊन भरती झालेली, कामाला चोख, बोलायला कमी.

"या तिन्ही घरी लग्न आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हौ साहेब. लग्नाची तारीख मालूम नसली तर कपडे कधी द्यायचे मी?"

"आदल्या दिवशी तिघांनाही फोन केलात. कशाला?"

"कपडे तयार झाले, घेऊन जा म्हणून."

"त्या शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवून कुठे होतात?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "जुम्मा होता ना साहेब. नमाजला गेल्तो. मंग घरी जेवलो."

"किती वाजता परत दुकान उघडलं?"

"तीनला."

अर्ध्या तासाने मी तोच प्रश्न फिरवून विचारला, तेव्हा ते "साडेतीन असतील" म्हणाले. मी ते पकडलं. त्यांच्या तळहाताला घाम आला होता, तेही टिपून ठेवलं. आज विचार करतो, तर हसू येतं आणि लाजही वाटते. तीन आठवड्यांपूर्वीच्या दुपारी आपण किती वाजता कुठे होतो, हे मला तरी कुठे धड सांगता आलं असतं? आणि ठाण्याच्या खुर्चीत बसवल्यावर निर्दोष माणसालाही घाम फुटतो, हे इतकी वर्षं वर्दी घालून मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या दिवशी मला फक्त जुळणाऱ्या गोष्टी दिसत होत्या.

"परत बोलावलं तर यावं लागेल," असं सांगून मी त्यांना सोडलं. ते गेले. जबाबाचे कागद लावता लावता ती शिपाई म्हणाली, "सर, एक विचारू का?"

"विचार."

"तिन्ही घरांचं कापड त्या कापडवाल्या शेठजींच्या दुकानातलं आहे, असं ते स्वतःच म्हणाले ना? तारीख त्यांनाही माहीत असणार. मग त्यांना का नाही बोलावलं आपण?"

मी जरा चिडूनच म्हणालो, "अगं, त्यांनी स्वतःहून येऊन खबर दिली."

"हो सर. पण धागा तोच आहे. बँडवाल्याचाही असेल. आचाऱ्याचाही." मग चाचरत म्हणाली, "आणि ज्यांच्याकडे चोरी झाली नाही, त्यांचे कपडे कोणी शिवले, हे आपण कोणाला विचारलंच नाही."

मी तिला "जा, तुझं काम कर" म्हणालो. ती गेली. पण तिचा प्रश्न काही केबिनमधून गेला नाही. दिवसभर फायली चाळत होतो आणि मनात तोच. शेवटी संध्याकाळी तिला बोलावून सांगितलं, "मास्टरांची मापाची वही बघून ये. आणि गल्लीत तुला जे विचारायचं ते विचार. दोन दिवस देतो."

तिने दीड दिवसात काम संपवलं. वहीत त्या लग्नसराईतल्या चौपन्न घरांची मापं होती. चौपन्न घरांची तारीख मास्टरना माहीत होती, चौपन्न घरी त्यांचा फोन गेला होता. त्यातली एक्कावन्न घरं शाबूत होती. गल्लीत ज्या ज्या घरी लग्न झालं, तिथे तिने विचारलं. एक-दोन सोडले तर सगळ्यांचे कपडे मास्टरांकडेच. माझ्याच वर्दीचं माप त्या वहीत होतं. शुक्रवारी दुपारी त्यांचं दुकान दर आठवड्याला बंद असायचं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवं मशीन त्यांनी जुनं देऊन बदलून घेतलं होतं.

म्हणजे मी ज्याला धागा समजत होतो, तो 'तिन्ही घरं एकाच टाकीचं पाणी पितात' यापेक्षा जास्त काही सांगत नव्हता.

"मग आता?" मी तिला विचारलं. साहेबपणा बाजूला ठेवून विचारलं.

"सर, तिन्ही गुन्हे एकाच माणसाने केलेत, हे तरी आपल्याला कुठे माहीत आहे? प्रत्येक गुन्हा एकटाच झालाय असं धरून बघू या का?"

आम्ही तिसऱ्या घरापासून सुरुवात केली. कारण पंचनाम्यात एक ओळ होती, जी मी वाचली होती पण तिच्यावर थांबलो नव्हतो: कुलूप शाबूत, कपाट शाबूत. आम्ही दोघं गेलो तेव्हा सून, सासू आणि ऐंशीच्या घरातले सासरे बसले होते. माझ्यासोबतच्या शिपायाने फक्त एवढंच विचारलं की डबा शेवटी कोणी पाहिला.

"मीच," सून म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी कपाटात ठेवला मी."

"त्यानंतर कपाट कोणी उघडलं?"

सून आणि सासू एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले सासरे, ज्यांना आतापर्यंत कोणीच काही विचारलं नव्हतं, खडबडून म्हणाले, "कोणता डबा? तो पितळी? तो तर मी कोठीत ठेवला!"

"कोठीत? कोणत्या कोठीत, मामंजी?"

"गव्हाच्या. अगं माय, गल्लीत चोर येऊन राह्यलेत, दोन घरं फुटली, अन् आपण सगळे घर बंद करून लग्नाला चाललो. कपाटात ठेवता का कोणी अशा वेळी?"

सून धावतच आत गेली. खांद्यापर्यंत हात गव्हात घालून तिने डबा वर काढला. सगळं जागच्या जागी होतं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् इतके दिवस बोलले काऊन न्हाई तुम्ही?" म्हातारबा शांतपणे म्हणाले, "मला विचारलं कोणी? पोलीस आले तव्हा मला म्हणले, बाबा तुम्ही आत जाऊन पडा." एवढं झाल्यावर मात्र मलाही हसू आवरेना. तिसरी चोरी झालीच नव्हती. पहिल्या दोन चोऱ्यांच्या धास्तीने ती जन्माला आली होती.

दुसऱ्या घराच्या शेजारणीकडे गेलो. त्या घराची एक किल्ली नेहमी तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असायची. त्या शुक्रवारी घरातलाच एक पुतण्या येऊन ती घेऊन गेला होता. "पण घरचाच पोरगा, त्यात काय सांगायचं?" ती बाई म्हणाली. "अन् तुमच्या लोकांनी तर नुसतं टेलर मास्टर आल्ते का, एवढंच विचारलं." तिचं बरोबर होतं. त्या पुतण्याकडे लॅपटॉप आणि कॅमेरा दोन्ही मिळाले. राहिला पहिला गुन्हा. कोयंड्याजवळ मिळालेला ठसा काही दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यात पकडलेल्या एका सराईत चोराच्या ठशाशी जुळला. त्याला लग्नाचं काही माहीत नव्हतं. रस्त्याने चालता चालता कुलूप लावलेलं दार दिसलं, एवढंच.

तीन घटना, तीन वेगवेगळी कारणं, त्यातली एक तर घटनाच नव्हे. त्या एकाच महिन्यात, एकाच गल्लीत घडल्या, हा निव्वळ योगायोग.

पण मास्टरांचं काय? जीप दुकानासमोर थांबली त्याच दुपारपासून लोक न शिवलेलं कापड परत न्यायला लागले होते. कोणी भांडलं नाही. "जरा घाई आहे, दुसरीकडे देतो," एवढंच म्हणायचे. आठव्या दिवशी मास्टरांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं.

मी कापड दुकानदारांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "साहेब, माझ्या तोंडून गेलं हे. आता काय करू?" म्हणाले. मी म्हणालो, "मी चाललोय तिकडे. तुम्हीही चला." आम्ही दोघं भरदुपारी, सगळ्या गल्लीला दिसेल असे, पायी मास्टरांच्या घरी गेलो. मी वर्दीत होतो.

मास्टरांनी दार उघडलं आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो चेहरा मी विसरलेलो नाही. मी हात जोडले. "मास्टर, चूक माझी झाली. तुमच्यावर संशय घ्यायला काही आधार नव्हता. मी नीट विचार केला नाही." दुकानदार मास्टरांचा हात धरून उभे राहिले.

मास्टरांनी आम्हाला बसवलं. आतून शरबत आलं. पेले आमच्या हातात देऊन ते म्हणाले, "शेठ, तुम्ही माझ्या मुलाच्या लग्नात तीन दिवस राबले. मला एकदा विचारायचं होतं ना." शेठ रडले. मास्टरांनीच मग त्यांची पाठ थोपटली.

पुढच्या आठवड्यात दुकान उघडलं. शेठजींनी स्वतः गिऱ्हाईक घेऊन यायला सुरुवात केली. बहुतेक सगळे परतले. दोन घरं मात्र कधीच परतली नाहीत. गावभर पसरलेला संशय मी एका फेरीत मागे घेऊ शकलो नाही, हे मान्य करायला हवं.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी वहीचं पान मधोमध दुमडायचो. एका बाजूला संशयाशी जुळणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला न जुळणाऱ्या. दुसरी बाजू कोरी असेल तर मी समजायचो की माझा शोध अजून अर्धाच झाला आहे. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा, असं मी शाळेत शिकलो होतो. आपल्याला जे पटलंय ते खोटं ठरवायचा मनापासून प्रयत्न करणं म्हणजे विज्ञान, हे मला पोलीस ठाण्यात कळलं, आणि शिकवणारी माझ्याच हाताखाली काम करत होती. तिच्यासाठी मी वरिष्ठांकडे बक्षिसाची शिफारस केली. पुढे ती खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झाली.

त्या दुपारी त्यांच्या घरून निघताना मी मास्टरांना एक प्रश्न विचारला होता. इतका अपमान झाल्यावर तुम्ही मला घरात कसं घेतलं? ते चपला शोधून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "साहेब, कापड परत न्यायला इतके लोक आले. एकानेही विचारलं न्हाई, मास्टर, तुम्ही केलं का? तुम्ही निदान विचारलं तरी. अन् खोटं निघालं तव्हा सांगायला पण आले."